गाडी थांबवणारा दत्ताराम

दत्ताराम चांगला माणूस होता हे बाकीचे सगळे लिहितीलच. लिहू देत, खोटं नाही ते. मंडळाची पोरं माझ्याकडे आली, म्हणाली, दत्तूभाऊंना जाऊन आता वर्ष होईल, त्यांच्या आठवणींचं पुस्तक काढतोय, आजोबा तुम्ही त्यांचे शेजारी, चार ओळी द्या. मी चौथी शिकलेला माणूस. उभा जन्म चिरेखाणीत चिरे तोडले. लिहायची सवय नाही. पण दत्ताराम चार ओळींत मावत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते चार ओळींत लिहिलं तर तुम्ही तेवढ्याच चार ओळी गाळाल. म्हणून लांब लिहितो. छापायचं नसेल तर कागद परत आणून द्या. रद्दीत घालू नका.

त्याचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक दगडांचा गडगा. तो गडगा त्याने कधी मानला नाही. सकाळी तोंड धुवायच्या आधी गडग्यावरून टांग टाकून यायचा आणि आमच्या पडवीत बसायचा. आवाज असा की जवळ बसलेल्याशी बोलला तरी नदीपलीकडच्याला कळावं. माझी बायको सरस्वती आतूनच म्हणायची, "दत्ताराम, मी बहिरी नाय रे." तो म्हणायचा, "वयनी, तुला नाय सांगत, म्हशीला सांगतोय." आणि स्वतःच हसायचा. चहा बशीत ओतून प्यायचा, त्याचाही आवाज.

आवाज झाला पाहिजे, हे त्याचं सगळ्याच बाबतीत. लग्न असो, पूजा असो, कुणाच्या विहिरीला पाणी लागलेलं असो, नाहीतर कुणाचा मुलगा दहावीला काठावर पास झालेला असो, दत्ताराम खिशातून काहीतरी काढणार आणि पेटवणार. "मुकाट्याने काय ता करायचं? चोरी हाय काय?" असं म्हणायचा. वात पेटवायची ती विडीने. उदबत्ती म्हणे बायकांनी लावावी. पेटवली की दुसरे पळतात, हा पाठ फिरवून सावकाश चालत यायचा. मागे धडाम झालं तरी मान वळवायचा नाही. पोरं ते बघत उभी राहायची. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलं होतं, ते तो पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचा.

आमच्या इकडे पावसात काडेपेटीसुद्धा ओली होते. तर हा माणूस फटाके भाताच्या कणगीत पुरून ठेवायचा. भात कोरडं असतं, त्यात दारू कोरडी राहते. एका वर्षी त्याच्या बायकोने, सुमनने, भात गिरणीला पाठवलं, आणि गिरणवाल्याने भात ओततानाच आत लवंगीची माळ बघितली. त्याने पोतं उचलून रस्त्यावर टाकलं. दत्तारामच्या सात पिढ्या काढल्या. ही गोष्ट दुसरा कोणी लपवेल. हा पाली बाजारात उभा राहून सगळ्यांना सांगायचा, गिरणवाल्याच्या आवाजाची नक्कल करून. लोक पोट धरून हसायचे. मीही हसलोय.

उपकारही लिहितो. वादळात आमची कौलं उडाली तेव्हा पाऊस थांबायची वाट न बघता हा वर चढला. मी खाली शिडी धरून उभा, हा वरून शिव्या देतोय, मला नाही, वाऱ्याला. आमच्या मुलीच्या लग्नात मांडव त्याने घातला. त्याला मूल नव्हतं. आमच्या मुलीला खांद्यावर घेऊन त्याने शिमगाभर फिरवलं होतं. सरस्वतीवर त्याची माया होती. घरातलं गोडधोड सुमन करायची, पण ते चांगलं झालं की नाही हे हा वयनीला विचारायचा. तिने ओरडावं आणि याने ऐकून घ्यावं, असं चालायचं. ऐकून घ्यायचा म्हणजे फक्त ऐकायचा.

आता रेल्वेचं लिहितो.

मुंबईकडून येणारी गाडी रत्नागिरी स्टेशन यायच्या आधी एका बोगद्यातून बाहेर पडते. बाहेर पडली की मातीचा उंच भराव आहे, आणि भरावाच्या खाली आमची वाडी. म्हणजे माणूस गाडीतून आपल्या घराची कौलं बघतो, आणि गाडी तशीच पुढे जाते. मग स्टेशनवर उतरायचं, रिक्षावाल्याच्या पाया पडायचं, आणि सगळा वळसा घालून, पुढे घाटी उतरून पावसात सामानासकट मागे यायचं. गणपतीला आमच्या वाडीतले सगळे चाकरमानी त्याच संध्याकाळच्या गाडीने येतात. सुरुवातीला आम्ही भरावावर उभे राहून हात दाखवायचो. दिवेलागणीची वेळ, पाऊस, आतल्याला काही दिसायचं नाही.

दत्तारामने पहिला भुईनळा लावला तो तिथे. रुळांपासून लांब, भरावाच्या कडेला. गाडी आली, उजेड पडला, आणि आतून आपल्या माणसांच्या आरोळ्या ऐकू आल्या. बायका रडल्या. मलाही बरं वाटलं होतं, खोटं का बोलू. त्या वर्षापासून गाडीला सलामी द्यायची रीत पडली.

पण भुईनळ्याला आवाज नसतो. दुसऱ्या वर्षी माळा आल्या. मग बाण आले. बाटलीत बाण, बाटली खडीत, रुळाच्या बाजूला. एका वर्षी बाण उघड्या दारातून डब्यात शिरला. कुणाची तरी वळकटी पेटली. आमच्या वाडीची माणसं नव्हती ती, पुढे जाणारी होती. रेल्वेचे पोलीस आले, वाडीने त्यांना चहा दिला, शहाळी दिली आणि सांगितलं, कोणी लावला ते आम्हाला माहीत नाही. पोलीस गेल्यावर दत्ताराम आमच्याच पडवीत येऊन बसला.

सरस्वती बाहेर आली. म्हणाली, "दत्ताराम, त्या गाडीत माणसं असतात रे."

"वयनी, माणसं हायत म्हणून तं फटाके. मालगाडीला कोण लावतो?"

"हसू नको. एखादीचं पोर जळलं असतं तर?"

"जळलं काय? नाय ना. मग चहा टाक."

तिने चहा टाकला नाही. आत गेली आणि दार लोटलं. तो मला म्हणाला, "वयनीचा पारा चढलाय आज," आणि गडग्यावरून टांग टाकून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर.

पुढे एका पावसाळ्यात त्याला रेल्वेच्या कामावर ठेकेदाराने घेतलं. पावसात दरड येते म्हणून रुळाकडेने रात्रंदिवस माणसं चालत असतात, त्यातलं काम. कंदील, शिटी, लाल झेंडा आणि एक डबी. ही डबी म्हणजे एक प्रकारचा फटाकाच. पुढे दरड पडलेली दिसली की मागे पळत जायचं आणि ती डबी रुळावर बांधायची. इंजिनाचं चाक तिच्यावरून गेलं की मोठा आवाज होतो, आणि आवाज झाला की ड्रायव्हरने गाडी थांबवायचीच. शेकडो माणसं वाचवायची ती खूण आहे. दत्ताराम ते शिकून आला आणि आमच्या पडवीत बसून सांगायला लागला. "दादा, ड्रायव्हर कुणाच्या बापाचा नोकर असू दे, धडाम झालं की बिरेक मारणार. नियम हाय." त्याचे डोळे चमकत होते. सरस्वती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिला तेव्हाच कळलं होतं. मला कळायला गणपती यावा लागला.

ठेकेदाराने त्याला त्याच हंगामात काढून टाकलं, कामावर विडी ओढली म्हणून. डबी काही त्याच्याकडे नव्हती. पण सुतळी बॉम्ब होते. गणपतीच्या आदल्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी इंजिनाची शिटी झाली, याने रुळाला लागून बॉम्ब पेटवले, वर पत्र्याचा डबा पालथा घातला, आणि पाठ फिरवून चालत आला. इंजिनासमोर असा आवाज झाला की माझ्या घरातली भांडी वाजली. गाडी किंचाळत थांबली, वाडीच्या बरोबर समोर. दारात उभी असलेली आपली माणसं पिशव्या टाकून, मखराचे पुठ्ठे टाकून उड्या मारून उतरली. ड्रायव्हर टॉर्च घेऊन खाली उतरून पुढे दरड शोधेपर्यंत वाडी घरी पोचलीसुद्धा होती.

त्या दिवसापासून त्याला सगळे स्टेशनमास्तर म्हणायला लागले. मुंबईहून फोन यायचे, दत्तूभाऊ, आम्ही मागच्या डब्यात आहोत, जरा पुढे थांबव. तो म्हणायचा, "थांबवतो. तुमी दारात उभं ऱ्हावा." दरवर्षी. फक्त गणपतीच्या त्या एका गाडीला. ड्रायव्हर दरवर्षी वेगळा, त्यामुळे कुणाला कळायचं नाही. कळलं तरी वाडी बोलायची नाही.

सरस्वती बोलली. देवळात वाडीची सभा होती तिथे सगळ्या पुरुषांसमोर उभी राहून बोलली. त्या आवाजाला ड्रायव्हर घाबरतो, कारण त्या आवाजाचा अर्थ पुढे मरण आहे असा होतो, तुम्ही त्याची रिक्षा केलीत. मीही तेच बोललो. मागून एकाने आवाज काढला, "म्हाताऱ्याचं गणपतीला कोण येत नाय, म्हणून जळतंय." सगळे हसले. आमची मुलगी मुंबईला सासरी, तिच्या सासरचा गणपती, ती मे महिन्यात यायची. हसला नाही तो एक दत्ताराम. म्हणाला, "वयनीला हसायचं काम नाय." मग म्हणाला, "पण गाडी थांबणार."

आणि मग त्या वर्षी सरस्वती स्वतःच त्या गाडीत होती.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मुलीने मुंबईला नेऊन ऑपरेशन करून घेतलं. सोबतीला सुमन गेली होती, दत्तारामनेच पाठवली. गणपतीच्या आधी दोघी परत निघाल्या. मी मुलीला फोनवर बजावलं होतं, तुझ्या आईला सांग, गाडी वाडीसमोर थांबली तरी उतरायचं नाही. तिचे गुडघे धड नाहीत, भराव निसरडा असतो. नीट स्टेशनवर उतरा, मी रिक्षा घेऊन येतो. दत्तारामलाही गडग्यावरून सांगितलं, "आज फटाका लावू नको. सरस्वती हाय गाडीत." तो म्हणाला, "बरं दादा." माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी दुपारीच स्टेशनवर जाऊन बसलो. येताना मी तिच्यासाठी चप्पल घेतली होती, मऊ तळव्याची. पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. गाडीची वेळ झाली, गाडी आली नाही. शेजारी एक माणूस फोनवर कुणाशी तरी बोलत होता. तो म्हणाला, बोगद्याच्या पुढे थांबलीय म्हणे, कोण तरी पडलंय. मी उठून उभा राहिलो. रिक्षावाल्याला म्हटलं, वाडीवर चल.

काय झालं ते मला सुमनने सांगितलं. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, "दादा, वयनी उतरणार नव्हतीच. ती म्हणाली, नव्या डोळ्यांनी आपलं घर गाडीतून कसं दिसतं ते एकदा बघते. म्हणून दारात गेली. दांडी धरली व्हती तिने. मी पिशव्या आत ओढत व्हते. आवाज झाला आणि बिरेक लागला." भराव तिथे उंच आहे, खाली पाणी जायच्या मोरीचं काँक्रीट.

दत्तारामने तिच्यासाठी घरून खुर्ची नेली होती. प्लास्टिकची, हात असलेली, वर उशी बांधलेली. वयनीला स्टेशनचा वळसा नको, घाटी नको, दोघांनी उचलून तिला थेट अंगणात आणायची, असं त्याच्या मनात होतं. मला चकित करणार होता. त्याच खुर्चीत घालून तिला रस्त्यापर्यंत आणली. मी रिक्षातून उतरलो तेव्हा ती खुर्चीत बसल्यासारखी होती. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

पोलीस आले. वाडीने सांगितलं, म्हातारं माणूस, डोळ्यांचं नवीन ऑपरेशन, चक्कर आली. मी सांगितलं, फटाका लावला. कोणी लावला ते बघितलं का, असं त्यांनी विचारलं. मी स्टेशनवर होतो, मी कसा बघणार. ज्यांनी बघितलं ते सगळे माझ्याच अंगणात उभे होते, जमिनीकडे बघत. सुमन गाडीच्या आत होती. दत्ताराम माडाला टेकून उभा होता. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माज्या वयनीसारखी बाई नाय." पोलिसाने ते लिहून घेतलं नाही.

सरण त्याने रचलं. दहाव्याला, तेराव्याला राबला तो. त्यानंतर रोज सकाळी यायचा, पण पडवीत बसायचा नाही. माझी टाकी भरायचा, गवत काढायचा, मिरकरवाड्याहून बांगडे आणून पायरीवर ठेवायचा. ते मी खाल्ले. भूक लागते माणसाला. पण माझं एकच मागणं होतं, त्याने तोंडाने एकदा सांगावं. पोलिसांना नको, वाडीला नको, मला. मी लावला, एवढंच.

एकदा मी त्याला विचारलं. तो टाकीवर झाकण ठेवत होता.

"दत्ताराम, मी तुला बरं दादा म्हणताना ऐकलं. मग तू रुळावर का गेलास?"

तो म्हणाला, "दादा, टाकीत शेवाळ धरलंय. उद्या घासतो."

"मी टाकीचं विचारलं नाय."

"ब्रश आणतो मी," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी टाकी घासून लख्ख केली. ज्या माणसाला मुकाट्याने काही करता येत नव्हतं, तो या एका बाबतीत मुका झाला, आणि मरेपर्यंत मुकाच राहिला. तुम्ही म्हणाल, त्याला किती दुःख झालं असेल. झालं असेल. माझ्या दुःखाला तरी नाव आहे, कारण आहे. मला ते कारण त्याच्या तोंडून हवं होतं, आणि त्याने मला पाणी दिलं, मासे दिले, कौलं शाकारून दिली, आणि तेवढं एक दिलं नाही. म्हणून माझ्याच्याने त्याला माफी देववली नाही. न मागितलेली वस्तू कशी देणार?

एक वर्ष गाडी मुकाट्याने गेली. पुढच्या वर्षी मंडळाच्या पोरांनी परत बॉम्ब लावला. दत्ताराम घरात होता. पोरांनी त्याला दत्तूभाऊंची सलामी असं नाव दिलं. आता तुम्ही देवळाच्या फळ्यावर लिहिलंय की यंदा गणपतीला येणाऱ्या गाडीला दत्तूभाऊंच्या स्मरणार्थ मोठी सलामी देणार. मी ते वाचलं, चष्मा लावून दोनदा वाचलं. तुम्हाला सरळ सांगतो. देऊ नका. दिलीत तर यावेळी मी स्टेशनवर नसेन, भरावावर असेन, आणि कोणी वात पेटवली ते बघून ठाण्यात जाऊन एकेकाचं नाव सांगेन. तुमच्या आया मला शिव्या देतील. देऊ देत.

दत्तारामला मी चालताफिरता असा शेवटचा बघितला तो गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी. तोवर त्याची छाती गेली होती, चार पावलं चालला की खोकायचा. संध्याकाळी तो घरातून निघाला आणि भरावाकडे चालायला लागला. मला वाटलं, आज हा पोरांना सांगणार. आज बोलणार. म्हणून मी मागे गेलो.

पोरांनी त्याला बघून टाळ्या वाजवल्या. एकाने पेटती विडी त्याच्यापुढे केली, मान म्हणून. त्याने ती घेतली नाही. म्हणाला, "दारात कोण उभं ऱ्हाऊ नका म्हणावं. बिरेक जोरात लागतो."

पोरगा म्हणाला, "दत्तूभाऊ, आता कोणाला सांगणार? शिटी झाली."

तो अजून काहीतरी बोलणार होता, पण खोकला आला. पोरांनी वात पेटवली. आवाज झाला, गाडी थांबली, माणसं उतरायला लागली. आणि दत्ताराम डब्यांच्या कडेकडेने निघाला. प्रत्येक दारापाशी थांबायचा, दोन्ही हात वर करायचा. म्हाताऱ्या बायका, कडेवरची पोरं, पिशव्या, एकेकाला धरून खाली घेत होता. ओळखीचं, बिनओळखीचं बघत नव्हता. कुणी हसून म्हटलं, काका सोडा, उतरतो मी, तरी सोडत नव्हता. असं करत शेवटच्या डब्यापाशी गेला. त्या दारात कुणीच नव्हतं. आतला दिवा तेवढा दिसत होता. तिथेही त्याने हात वर केले. गाडीने शिटी दिली, गाडी हलली, दार पुढे सरकलं, आणि हा हात वर करून खडीतून दाराबरोबर चालायला लागला.

मी त्याला हाक मारली नाही. घरी आलो.